मध्यंतराचे 44 गुण

श्रोतेहो, गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड उठला म्हणून कुस्ती संपत नाही. ती पुढे पारावर चालते, चहाच्या दुकानात चालते आणि तीस वर्षांनी नातवंडांसमोरही चालते. एकजण सांगतो, “मी अगदी हौद्याच्या कडेला होतो.” दुसरा म्हणतो, “धोबीपछाड मारली ती डाव्या बाजूने.” तिसरा लगेच म्हणतो, “छे हो, उजव्या!” निकाल कोणीच नाकारत नाही, पण निकाल कशामुळे लागला यावर मात्र दर वर्षी नव्याने वाद होतो.

आज मी ज्या सामन्याविषयी बोलणार आहे, त्याचेही तसेच आहे. हा सामना आपल्याकडचा नाही आणि तो खेळही आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तो झाला ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरी, 26 सप्टेंबर 1970 रोजी. कार्लटन आणि कॉलिंगवूड या दोन संघांमधला हा अंतिम सामना. त्या दिवशी मैदानावर 1,21,696 माणसे होती. त्या खेळाच्या कोणत्याही सामन्याला एवढी गर्दी तोवर झाली नव्हती आणि त्यानंतरही कधी झालेली नाही. मध्यंतराला कार्लटन 44 गुणांनी मागे होते, आणि शेवटी ते 10 गुणांनी जिंकले. अंतिम सामन्यात मध्यंतराची एवढी पिछाडी भरून काढणारा दुसरा संघ अजून निघालेला नाही. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी मेलबर्नमध्ये दोन म्हातारे एकत्र आले की “सत्तर साल” एवढे दोन शब्द पुरतात.

त्या मैदानाचे नाव मात्र आपल्याला नवे नाही. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड! उन्हाळ्यात तिथे क्रिकेट आणि हिवाळ्यात हा फुटबॉल. याच मैदानावर 1981 च्या फेब्रुवारीत सुनील गावसकरांच्या संघाने पहिल्या डावात 182 धावांनी मागे पडूनही ऑस्ट्रेलियाला हरवले होते. त्या कसोटीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. आधी हा खेळ समजून घेऊ, कारण त्याचे गुण कसे मोजतात हे कळल्याखेरीज सत्तर सालचा चमत्कार कळायचा नाही.

या खेळाचा जन्मच क्रिकेटच्या पोटी झाला. 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेट बंद असते तेव्हा खेळाडूंचे अंग मोकळे राहावे म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम कागदावर उतरले. मैदान क्रिकेटचेच, म्हणजे लंबगोल. चेंडूही लंबगोल, आणि त्यामुळे टप्पा पडल्यावर तो कुठे उडेल याचा भरवसा नाही. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. सामन्याचे भाग चार.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब एका ओळीत उभे असतात. मधले दोन उंच, बाजूचे दोन ठेंगणे. लाथेने मारलेला चेंडू कोणाचाही हात न लागता मधल्या दोन उंच खांबांतून पार गेला, की गोल. त्याचे गुण 6. तोच चेंडू उंच खांबाला चाटून गेला, किंवा उंच आणि ठेंगण्या खांबांमधून गेला, तर त्याला म्हणतात बिहाइंड. त्याचा गुण 1. आता पाहा, नेम दोन हात चुकला तर पाच गुण गेले! म्हणून या खेळाच्या गुणफलकावर नेहमी तीन आकडे असतात: गोल किती, बिहाइंड किती आणि त्यांचे मिळून गुण किती. पुष्कळ लोक तिसरा आकडा तेवढा पाहतात. जाणता प्रेक्षक मात्र पहिले दोन आधी पाहतो.

चेंडू फेकायला बंदी आहे. तो पायाने मारायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने त्याला टोला द्यायचा. या टोल्याला म्हणतात हँडबॉल. शिवाय ठराविक अंतरावरून लाथेने आलेला चेंडू कोणी हवेतच झेलला, तर त्याला ‘मार्क’ मिळतो, म्हणजे प्रतिपक्षाने अंगावर न येता निवांत मारायची मुभा मिळते. त्यामुळे उंच उडी मारून झेल घेणे हे या खेळाचे भूषण. प्रसंगी पुढच्या गड्याच्या खांद्यावर गुडघे टेकवूनही झेल घेतात, आणि नियमाला ते चालते.

आता दोन्ही संघांविषयी. कार्लटन आणि कॉलिंगवूड ही मेलबर्नच्या आतल्या भागातलीच दोन उपनगरे, आपल्याकडच्या पेठांसारखी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कार्लटनची जर्सी गडद निळी. कॉलिंगवूडची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणून त्यांना मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे नाव. कॉलिंगवूड ही कारखान्यांतल्या कामगारांची गरीब वस्ती. तिथे क्लब म्हणजे नुसती करमणूक नव्हती, तर जगात आपणही कोणीतरी आहोत हे सांगण्याची ती एक जागा होती. शेजाऱ्याशी वैर किती कडवे असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

सत्तर सालच्या त्या मोसमात कॉलिंगवूडने कार्लटनला तीन वेळा हरवले होते. चौथ्यांदाही तसेच घडणार असे दिसू लागले. पहिला भाग संपला तेव्हा कॉलिंगवूडचे 4 गोल आणि 8 बिहाइंड, म्हणजे 32 गुण. कार्लटनचा गोल एकही नाही. नुसते 3 बिहाइंड, 3 गुण. कॉलिंगवूडचा पीटर मॅकेना तर हवे तसे गोल करीत होता. सामन्यात त्याने सहा गोल केले, त्यातले बहुतेक पहिल्या अर्ध्यातले. दुसऱ्या भागात त्याची स्वतःच्याच संघातल्या डेस टडनमशी जोरात टक्कर झाली, आणि नंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. पण त्या घटकेला तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे. मध्यंतराला कॉलिंगवूड 73, कार्लटन 29. फरक 44.

त्याच दुसऱ्या भागात एक गोष्ट घडली. कार्लटनचा अॅलेक्स जेसॉलेंको कॉलिंगवूडच्या उंच्यापुऱ्या ग्रॅम जेन्किनच्या पाठीवरून असा वर उठला, की क्षणभर तो जेन्किनच्या खांद्यावर बसला आहेसे वाटावे, आणि त्याने हवेतच चेंडू पकडला. टेलिव्हिजनवरचा निवेदक माइक विल्यमसन त्याचे नाव पुकारून आनंदाने ओरडला. ती आरोळी आज ऑस्ट्रेलियात म्हणीसारखी झाली आहे. हा जेसॉलेंको मूळचा तिथला नव्हे. महायुद्ध संपले त्या 1945 साली तो ऑस्ट्रियात जन्मला. बाप युक्रेनियन, आई रशियन. लहानपणी आईबापांबरोबर जहाजाने आला आणि पुढे त्या देशाच्या खास खेळाचा मानदंड झाला. त्या खेळात दर वर्षीच्या उत्कृष्ट झेलाला जे पदक देतात, ते आज त्याच्याच नावाचे आहे.

मध्यंतर झाले. कार्लटनचे काही पाठीराखे मैदान सोडून घरी निघाले, अशा गोष्टी अजून सांगतात. त्या काळी मेलबर्नमध्ये अंतिम सामना टेलिव्हिजनवर थेट दाखवीत नसत. ती सोय 1977 साली झाली. तेव्हा जो मैदानातून बाहेर पडला, त्याला पुढचे वर्तमान कळायला रेडिओखेरीज दुसरा आधार नव्हता. एखाद्याने रागाने तोही बंद केला असेल, तर त्याची काय गत झाली असेल ते मनात आणून पाहा!

आत कपडे बदलण्याच्या खोलीत कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी उभे होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे त्यांनी बजावले, की चेंडू हाती आला की थांबायचे नाही, मागे वळायचे नाही. जवळच्या गड्याला हँडबॉल द्यायचा आणि पळत सुटायचे. त्या दिवसांत हँडबॉल म्हणजे अडचणीत सापडलेल्या माणसाची पळवाट समजत. बरासींनी त्याचा हल्ला केला. दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी बर्ट थॉर्नली याला बसवून टेड हॉपकिन्स नावाच्या एका तरुण राखीव खेळाडूला मैदानात उतरवले. त्या वेळी नियम असा होता, की एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. म्हणजे हा निर्णय फिरवायची सोय नव्हती.

तिसरा भाग सुरू झाला आणि जणू दुसराच सामना सुरू झाला. निळ्या जर्सीवाले हातोहात चेंडू देत पळू लागले. पायाने चेंडू मारण्यापूर्वी जो क्षणभर विसावा घ्यायची रीत होती, तो विसावाच नाहीसा झाला, आणि कॉलिंगवूडच्या बचावाला उभे राहायला वेळ मिळेना. हॉपकिन्सने गोलामागून गोल केले. त्या अर्ध्या सामन्यात त्याचे चार गोल झाले. एकट्या तिसऱ्या भागात कार्लटनने 8 गोल केले आणि बिहाइंड एकही नाही! आठ वेळा खांबांकडे चेंडू गेला आणि आठही वेळा मधूनच गेला. फरक 44 वरून 17 वर आला. चौथ्या भागात कार्लटनचे आणखी 5 गोल, कॉलिंगवूडचा अवघा 1. अखेरीला जेसॉलेंकोने लांबून मारलेला चेंडू टप्पे खात रिकाम्या गोलात शिरला आणि सगळे संपले. कार्लटन 17 गोल, 9 बिहाइंड, 111 गुण. कॉलिंगवूड 14 गोल, 17 बिहाइंड, 101 गुण.

ही झाली हकीकत. आता प्रश्न असा, की लोक याची आठवण कशी ठेवतात?

कार्लटनच्या पाठीराख्याला विचारले, तर तो बहुधा तीन गोष्टी सांगेल. “जेसॉलेंकोचा तो झेल, बरासींचा हँडबॉल आणि आमचा टेड हॉपकिन्स.” तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकेक तपासून पाहिली तर गंमत दिसते.

झेल झाला तो मध्यंतराच्या आधी, कार्लटन बुडत होते तेव्हा. पराभवाच्या अर्ध्यातला तो झेल आठवणीत मात्र विजयाचे निशाण होऊन बसला आहे. पडद्यावर तो इतक्यांदा दाखवला गेला आहे, की सत्तर साली जे जन्मलेही नव्हते त्यांनाही तो आपण पाहिल्यासारखा वाटतो.

हँडबॉलचे म्हणाल, तर तो काही बरासींनी त्या दिवशी शोधून काढला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातून जिलाँग संघात आलेला आदिवासी खेळाडू ग्रॅहम फार्मर हा 1962 पासूनच लांब पल्ल्याचे हँडबॉल देऊन हल्ला उभारत असे. बरासींची करामत अशी, की जे एकटा फार्मर करी ते त्यांनी अठरा जणांना करायला लावले, आणि तेही हरण्याची खात्री झालेली असताना. घाबरलेला माणूस आपल्या जुन्या सवयीला अधिकच चिकटतो. त्यांनी नेमक्या त्याच घटकेला सवय सोडायला लावली. ही मोठी गोष्ट आहे, पण ती शोधाची नव्हे, हिमतीची आहे.

आणि हॉपकिन्स? त्याचे गोल चार. कार्लटनने उत्तरार्धात केले तेरा. उरलेले नऊ दुसऱ्यांनी केले. ते कोणी केले असे विचारा, चर्चा लगेच थंडावते.

आता गुणफलक हाती घेऊ. पूर्वार्धात कॉलिंगवूडचे 10 गोल झाले, पण त्यांच्या शेजारी 13 बिहाइंडही होते. म्हणजे तेवीस वेळा ते खांबांपर्यंत पोचले आणि त्यातल्या तेरा वेळा चेंडू बाजूने गेला. तेव्हा कोणाला खंत वाटली नाही. 44 गुणांची आघाडी असताना वाटावी तरी कशाला? संपूर्ण सामन्यात कॉलिंगवूड 31 वेळा खांबांपर्यंत गेले आणि कार्लटन 26 वेळा. जास्त वेळा जाणारा संघ हरला! त्या तेरांपैकी तीन चेंडू जरी दोन हात आत गेले असते, तरी पंधरा गुण वाढले असते आणि सामना कॉलिंगवूडचा झाला असता.

अर्थात हे गणित इतके सरळ नाही, तेही सांगितले पाहिजे. गोल झाला की चेंडू मैदानाच्या मध्यावर नेऊन पुन्हा डाव मांडतात. बिहाइंड झाला की बचाव करणारा संघ गोलापासूनच चेंडू मारून खेळ सुरू करतो. म्हणजे एक गोल वाढला की पुढचा सारा ओघ बदलतो. तरीसुद्धा एवढे खरे, की कार्लटनचा चमत्कार जितका तिसऱ्या भागात घडला, तितकाच तो कॉलिंगवूडच्या पूर्वार्धातल्या तेरा चुकलेल्या नेमांत आधीच दडलेला होता. दार उघडे राहिले होते. कार्लटनचे मोठेपण असे, की 44 गुण मागे असतानाही त्यांनी ते ढकलून पाहिले.

आपलेही असेच होते. 1981 च्या त्या मेलबर्न कसोटीचे नाव काढले, की आपल्याला कपिल देव आठवतो. मांडी दुखावलेली असताना त्याने 28 धावांत 5 बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव 83 धावांत आटोपला आणि आपण 59 धावांनी जिंकलो. पण पहिल्या डावात आपल्या संघाच्या 237 धावा झाल्या, त्यांत विश्वनाथच्या 114 होत्या. त्या नसत्या तर कपिलला गोलंदाजी करायला काही उरलेच नसते. शेवट करणारा लक्षात राहतो. शेवटापर्यंत आशा शिल्लक ठेवणारा विसरला जातो.

जिंकलेल्यांच्या आठवणींविषयी एवढे पुरे. हरलेल्यांच्या आठवणी निराळ्या असतात, आणि मला विचाराल तर अधिक नेमक्या असतात. कॉलिंगवूडच्या पाठीराख्याला तेरा बिहाइंड कोणी सांगावे लागत नाहीत. मॅकेनाची ती टक्करही तो विसरलेला नसतो. हातातोंडाशी आलेला घास गेला, म्हणजे तो कुठून निसटला हे माणूस आयुष्यभर शोधत बसतो.

त्यांचे प्रशिक्षक होते बॉब रोझ, स्वतः कॉलिंगवूडचे नामांकित खेळाडू. त्यांच्या हाताखाली कॉलिंगवूड तीन अंतिम सामन्यांत उतरले. 1964 साली 4 गुणांनी हरले, 1966 साली 1 गुणाने हरले आणि 1970 साली 10 गुणांनी. तिन्हींची बेरीज करा. पंधरा गुण, म्हणजे अडीच गोल! एवढ्यासाठी तीन विजेतेपदे गेली. आणि योगायोग पाहा, 1964 साली मेलबर्न संघाचा कर्णधार म्हणून समोर उभा होता तो याच रॉन बरासी.

त्यानंतर कॉलिंगवूडला जी साडेसाती लागली ती लागलीच. 1977 साली अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळवला तेव्हा ते हरले. जिंकणाऱ्या नॉर्थ मेलबर्नचे प्रशिक्षक पुन्हा बरासीच! 1979 ला कार्लटनकडून 5 गुणांनी हरले, आणि कार्लटनचा कर्णधार होता जेसॉलेंको. 1980 ला हरले, 1981 ला हरले. मोठ्या दिवशी हातपाय गळण्याच्या या रोगाला लोकांनी कॉलिंगवूडच्याच नावावरून एक थट्टेचे नाव पाडले. 1958 नंतर त्यांना पुढचे विजेतेपद मिळाले ते थेट 1990 साली. बत्तीस वर्षे! त्या मधल्या काळात बापाने मुलाला सत्तर सालची गोष्ट सांगितली आणि मुलाने ती वारसा म्हणून घेतली. वारशात नेहमी शेतजमीनच मिळते असे नाही, कधी एखादे दुखणेही मिळते. पण दुखण्याबरोबर निष्ठाही गेली पाहा. कॉलिंगवूडचे पाठीराखे त्या बत्तीस वर्षांत क्लब सोडून पळाले नाहीत. जिंकणाऱ्याच्या मागे जायला फारसे काही लागत नाही. हरणाऱ्याच्या मागे बत्तीस वर्षे जायला मात्र पिंड वेगळा लागतो.

आता शेवटी एकच गोष्ट सांगतो, आणि ती मला सगळ्यांत आवडते. टेड हॉपकिन्सचे पुढे काय झाले? त्या दिवशी सारे मेलबर्न ज्याचे नाव घेत होते, त्या तरुणाने पुढच्याच वर्षी या वरच्या पातळीवरचा खेळ सोडला. कार्लटनसाठी तो एकूण 29 सामने खेळला, बस्स. तो लिहू लागला, पुस्तके छापू लागला. आणि पुढे त्याने चॅम्पियन डेटा नावाची संस्था काढली. तिचे काम काय? या फुटबॉलच्या प्रत्येक सामन्यातली प्रत्येक लाथ, प्रत्येक झेल, प्रत्येक हँडबॉल मोजून ठेवणे! ज्याला लोकांनी दैवी चमत्कार म्हणून डोक्यावर घेतले, त्याने पुढचे आयुष्य चमत्कारामागचा हिशेब मांडण्यात घालवले. आपण चार गोल केले, उरलेले नऊ दुसऱ्यांचे होते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार?

तेव्हा श्रोतेहो, आठवणी काढू नयेत असे मी म्हणत नाही. सामना पाहणाऱ्याचे निम्मे सुख तर आठवणी काढण्यातच असते. मैदान रिकामे होते, खेळाडू म्हातारे होतात. बॉब रोझ 2003 साली गेले, बरासी 2023 साली गेले. मागे उरतात त्या सांगणाऱ्यांच्या गोष्टी. म्हणून गोष्ट सांगावी, रंगवूनही सांगावी. फक्त ज्याने शेवटचा घाव घातला त्याच्याबरोबर ज्यांनी आधी झाड हलते ठेवले त्यांचेही नाव घ्यावे. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला एखाद्या अचाट पुनरागमनाची हकीकत सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा: “अहो, ते शेवटचे राहू द्या. मध्यंतराला गुण किती होते, आणि ते कसे झाले होते?” खरी गोष्ट पुष्कळदा तिथूनच सुरू होते.